आधी बोलून ये

हातात मेणबत्ती, ओच्यात काडेपेटी, समोर पन्नास माणसं गुडघ्यांवर, आणि बाई मेणबत्ती पेटवायला तयार नाही! हे मी लहानपणापासून इतक्यांदा पाहिलंय की प्रार्थनेची सुरुवात म्हणजे हे ताटकळणं, असंच मला वाटायचं.

आमचा पाडा भाईंदर पश्चिमेला, मिठागरांच्या वाटेवर. पाड्याच्या तोंडाशी दगडी क्रूस आणि मे महिनाभर तिथे रोज संध्याकाळी रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. ती सांगायची क्रूसमावशी. तिचं खरं नाव देवळातल्या बाप्तिस्म्याच्या वहीत असेल, पाड्यात कुणी वापरलं नाही. दिवसभर मिठाच्या टोपल्या वाहायच्या, संध्याकाळी भेगाळलेले पाय धुऊन क्रुसापाशी यायचं. अक्षर वाचता येत नव्हतं. नियम मात्र एकच आणि कडक. पाड्यात कुणी कुणाशी अबोला धरला असेल, तर मेणबत्ती पेटणार नाही. "आधी बोलून ये," एवढंच म्हणायची. हे काही तिने शोधून काढलेलं नव्हतं. शुभवर्तमानात आहे, आधी भावाशी समेट कर, मग वेदीवर दान ठेव. देवळात ते वाचतात, सगळे माना डोलावतात आणि घरी जाऊन जेवतात. मावशीने ते ऐकलं आणि केलं, एवढाच तिचा गुन्हा.

एकदा फिलू आणि सिसिल या दोघी जावांचं कोंबडीवरून वाजलं होतं. मावशीने मेणबत्ती खाली ठेवली. फिलू तरातरा उठली, सिसिलसमोर जाऊन म्हणाली, "तुजी कोंबडी परत माज्या अंगनात आली तर रस्सा करीन!" आणि मावशीकडे वळून, "बोलले गं!" सगळे हसले. मावशी हसली नाही. "हा भांडन झाला. बोलायचा वेगला." शेवटी फिलू जमिनीकडे बघत पुटपुटली, "बरी हायेस ना?" सिसिल म्हणाली, "हाय." काडी ओढली गेली.

देवळात लॅटिन जाऊन रविवारची उपासना, मिस्सा, मराठीत सुरू झाली तेव्हा पाड्यात केवढी कुरकूर! म्हाताऱ्यांना वाटलं, देवच बदलला. मावशी म्हणाली, "बरा झाला. आता देवाला कलते ते आपल्याला पन कलते. आता सबब न्हाय." मला तर वाटतं, आख्ख्या धर्मग्रामात तो बदल एकट्या तिलाच समजला. बाकीच्यांनी मराठीतली उत्तरं लॅटिनसारखीच पाठ केली. पहिल्या कम्युनियनच्या वर्गात आम्हालाही तेच शिकवलं, प्रश्न आणि उत्तर, घडाघडा म्हणा आणि रंगीत चित्र घ्या. मावशीचा प्रश्न एकच असायचा आणि त्याचं उत्तर कुठल्या पुस्तकात नव्हतं. "आज कोनाशी बोलला न्हायस?"

आता जे झालं ते सरळ सांगतो.

क्रुसाभोवतीची मोकळी जागा गावकीची. भात झोडायला, मासळी सुकवायला, लग्नाचा मांडव घालायला सगळ्यांची. आमचे पुढारी आंतोनकाका, माझ्या बापाचे जिवलग मित्र. त्यांनी गावकी न बोलावता, कुणाला न विचारता, मुंबईच्या एका बिल्डरच्या कागदावर गावकीच्या वतीने सही केली. मी तेव्हा कॉलेज सोडून आमच्या युवक मंडळाची पत्रकं लिहायचो. रागाने पेटलो होतो. एका बैठकीत पत्रक लिहिलं, सायक्लोस्टाईल केलं आणि विहिरीपासून देवळापर्यंत भिंतीभिंतीवर डकवलं. मथळा होता, 'यहुदा आपल्याच पाड्यात राहतो!' येशूला पैशासाठी धरून देणारा तो यहुदा, आणि खाली काकांचं नाव, ठळक.

त्या संध्याकाळी मेची पहिली रोजरी. मावशीने मेणबत्ती खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आंतोनशी बोलून ये."

"मावशी, पत्रकातला एक शब्द खोटा दाखव."

"खोटा कोन बोलते? लिवायच्या आधी त्याच्या घरी गेलतास?"

"चोराच्या घरी कशाला जायचं?"

"तू भिंतीला सांगितलास, बाला. मानसाला न्हाय सांगितलास."

कोपऱ्यातून काका ओरडले, "ह्याने आधी पत्रकं फाडावी! मग बघू!"

"तू पन, आंतोन," मावशी म्हणाली. "सही करायच्या आधी कोनाशी बोललास?"

काका उठून चालते झाले. मीही उठलो. तत्त्वाचा प्रश्न होता.

महिनाभर मेणबत्ती पेटली नाही. मावशी मात्र रोज यायची, पाय धुऊन. पन्नासांची तीस माणसं झाली, मग आठ. फादर आले, म्हणाले, "अहो, लोक तुटतायत. पेटवून टाका." मावशी म्हणाली, "पेटवते, फादर. तुमी त्या दोघांना आना." फादर माझ्याकडे आले नाहीत. काकांकडेही गेले नाहीत. देवळाच्या सणाची कमिटी होती, बँडवाला ठरवायचा होता. पुढे सहीच्या बाजूचे लोक काकांच्या ओटीवर रोजरी म्हणू लागले आणि विरोधातले आमच्या मंडळाच्या खोलीत. दोन्हीकडे मेणबत्त्या झकास पेटत होत्या. मावशी दोन्हीकडे गेली नाही. क्रुसापाशी एकटी बसून असायची. सायकलवरून घरी जाताना मला दिसायची. मी घंटी वाजवायचो, ती विचारायची, "गेलतास?" मी पुढे जायचो.

पुढच्या पावसाळ्यात ती अंथरुणाला लागली. मी भेटायला गेलो, तर खाटेच्या पलीकडे काका बसलेले. मावशीने डोळे उघडले, एकदा मला पाहिलं, एकदा त्यांना. म्हणाली, "बोला."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. काका खाकरले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनाही माझ्याबद्दल तसंच वाटलं असेल. मग काका म्हणाले, "बाय, पानी पायजे काय?" मी म्हणालो, "मावशी, मी आणतो." आम्ही दोघेही तिच्याशीच बोललो. तिने मान भिंतीकडे वळवली. दोन दिवसांनी ती गेली.

शवपेटी उचलायला पुढे डावीकडे मी होतो, उजवीकडे काका. पाऊल अगदी बरोबर पडत होतं. फादर प्रवचनात म्हणाले, जिवंतपणी जे साधलं नाही ते तिच्या मरणाने साधलं, पाडा एक झाला. लोकांनी डोळे पुसले. हे खोटं आहे, आणि मी ते इथे छापून सांगतो. पेटी उचलायला बोलावं लागत नाही.

जागा गेली. माझ्या पत्रकांनी ती वाचली नाही आणि मावशीच्या हट्टानेही नाही. तिथे आता चार मजली इमारत उभी आहे आणि क्रूस तिच्या कंपाउंडच्या भिंतीत बसवलाय. त्यावर विजेचा दिवा आहे. दिवेलागणीला वॉचमन बटण दाबतो, तो जळतो. कुणाला काही विचारत नाही.

रविवारी मिस्सेत शांती द्यायची वेळ येते. सगळे हात जोडून शेजाऱ्याकडे वळतात. काका पुढच्या बाकावर असतात, म्हातारे झालेत, वळायला त्रास होतो, तरी वळतात, डावीकडे. मी उजवीकडे वळतो. पत्रकातला एक शब्दही खोटा नव्हता, हे मला आजही वाटतं, आणि सहीत आपलं काही चुकलं नाही, असं त्यांनाही वाटत असणार. त्यांचं दार माझ्या दारापासून विहिरीइतकंच लांब आहे. मी गेलेलो नाही.