भरावाखालची बांधी

"पहिले सब्बल, मंग गोष्ट," असं म्हणून तो मिस्त्री चपला काढायचा आणि प्लॉटच्या चारी कोपऱ्यांत सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, ठोकायचा. मालक नकाशा हातात धरून ताटकळायचे. गोंदियात माझं सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. मिस्त्री ढिगाने पाहिले. नकाशाआधी माती पाहणारा हा एकच.

हल्ली आमच्याकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, बुजवून प्लॉट पाडतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. भराव म्हणजे राइस मिलची राख, वर हातभर मुरूम. रोलर फिरवला की झाली पक्की जमीन!

माझ्या धाकट्या बहिणीने असाच प्लॉट घेतला. मी त्या मिस्त्रीला घेऊन गेले. सब्बल मुरमात अडली, मग एका दणक्यात मुठीपर्यंत आत गेली. टोकाची माती त्याने बोटांत चोळली.

"राख होय जी ताई. खाली बांधीचा चिखल. कठीण मुरूम लागते तिथवर कॉलम न्या, नाही तं पाइल करा, जमिनीत खोल खांब."

बहीण म्हणाली, "शेजाऱ्यांनी चारच फूट खोदलं. तुम्ही घर बांधायला आलात की विहीर खोदायला?"

तो हसला. "विहीर बरी जी. खचली तरी तिच्यात कोणी झोपून नसते."

बहिणीला ते झोंबलं. चार फुटांत काम करणारा ठेकेदार तिने धरला. मला विचारलं होतं. मी म्हणाले, "मुहूर्त जवळ आलाय, घे उरकून." सब्बल कशी गेली ते डोळ्यांनी पाहून मी हे बोलले! अजून स्वतःची चीड येते.

'तो मिस्त्री लोकांना घाबरवतो' असं गावभर झालं. मीही दुकानात त्याचं नाव सुचवणं सोडलं. तो नागपूरला गेला, कुणाच्या तरी हाताखाली विटा रचायला.

दुसऱ्या पावसाळ्यात बहिणीच्या मागच्या खोलीचा कोपरा खचला, भिंतीला भेग पडली. ठेकेदार म्हणाला, "प्लास्टर सुकलंय, पुट्टी भरा." त्याला हाकलून मी मिस्त्रीला नागपूरला फोन लावला. टोमणे ऐकायची तयारी ठेवली होती.

"भेग तिरपी हाय का? बोट जाते?"

"जातं."

"पुट्टी नोका भरू. त्या खोलीत कोण झोपते?"

"तिच्या दोघी मुली."

"काऊन उभ्या आहा मंग फोन धरून? पलंग काढा पहिले!"

फोन कट झाला. आम्ही दोघी पलंगाला भिडलो. दाराकडे नेताना तो चढावर लोटावा तसा लोटावा लागत होता. इतका उतार फरशीला आला होता, आणि मुली त्यावर झोपत होत्या.