रिकाम्या गाडीला काहीही बसतं

मोरेमामांच्या दुकानात गाडी घेऊन गेलं की ते आधी गाडीकडे बघायचे नाहीत, आत बसलेल्या माणसांकडे बघायचे. गिऱ्हाईक काच खाली करून म्हणायचं, "मामा, अलॉय व्हील टाकायचेत, अठरा इंची." मामा हातातलं फडकं खांद्यावर टाकत विचारायचे, "गाडीत कोण कोण बसतं?"

पोरं गोंधळून जायची. चाकाची रुंदी किती, नटांची भोकं किती, चाक किती आत जाईल आणि किती बाहेर येईल, हे सगळं त्यांनी इंटरनेटवरून पाठ केलेलं असायचं, आणि परीक्षेत भलताच प्रश्न यायचा. एखादा म्हणायचा, "मामा, त्याचा काय संबंध?" मामा म्हणायचे, "रिकाम्या गाडीला काय बी बसतंय. माणसं बसल्यावर काय होतंय ते बगायचं."

दुकान कोपरखैरण्यात, आमच्या सोसायटीच्या मागच्या रस्त्याला. त्याच ओळीत एक 'व्हील स्टुडिओ' होता आणि एक 'अलॉय लाउंज'. तिथे काचेची दारं होती, निळे दिवे होते आणि चाकं दागिन्यांसारखी भिंतीवर टांगलेली होती. मामांच्या पाटीवर नुसतं 'मोरे टायर' लिहिलं होतं, आणि त्यातलाही 'र' उन्हाने उडाला होता. मामा मूळचे पाटणकडचे. तुर्भ्याच्या एका कारखान्यात वीस वर्षं काढली, तो बंद पडल्यावर हे दुकान टाकलं. खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा आणि नव्वद किलोंचा देह. जोडीला सलीमभाई. दोघं एकाच कारखान्यातून बाहेर पडलेले, आणि दोघांचं दिवसातून एकदा तरी भांडण व्हायचं.

मामांची तपासणी कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. नवीन चाकं चढवली की मामा जेवणाच्या डब्याचा वरचा कप्पा उघडायचे. त्यात मामींनी रोज सकाळी न चुकता ठेवलेला कणकेचा गोळा असायचा. चाकाच्या वरची पत्र्याची कड फडक्याने पुसून, तिच्या आतल्या बाजूला मामा लिंबाएवढी कणीक चिकटवायचे. मग गाडीत माणसं भरायची. शेजारचा लाँड्रीवाला, भंगारवाला, जो मोकळा असेल तो. मामा स्वतः मागे डावीकडे बसायचे, कारण त्यांच्या मते आपल्या रस्त्यांचा सगळा मार डाव्या अंगाला असतो. गाडी पुढच्या वळणावरच्या गतिरोधकावरून न्यायची. नवी मुंबई आखून वसवलेलं शहर आहे असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. तो गतिरोधक मात्र रहिवाशांनी एका दुपारी आपल्या मनाने बांधला होता आणि तो म्हशीच्या पाठीएवढा उंच होता. परत आल्यावर मामा खाली वाकून कणीक बघायचे. गोळा गोळाच राहिला असेल तर नट आवळायचे. त्याची पोळी झाली असेल तर चाकं उतरायची.

एकदा एका पुढाऱ्याची जीप आली. चाकं अशी बाहेर आलेली, की जीप काखेत कलिंगडं धरून उभी आहे असं वाटावं. ड्रायव्हरला आणखी मोठी चाकं हवी होती.

"गाडीत कोण कोण बसतं?" मामांनी विचारलं.

"साहेब."

"आणि?"

"कार्यकर्ते."

"किती?"

"मावतील तेवढे."

"मग न्हाई बसत," मामा म्हणाले आणि आत जाऊन चहा प्यायला लागले. जीप अलॉय लाउंजला गेली. तिथे असले प्रश्न विचारत नसत.

माझी आणि मामांची खरी ओळख झाली त्या दिवशी मी स्कूटरचं पंक्चर काढायला गेलो होतो. स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होतो, तेवढ्यात समोर लाल गाडी येऊन थांबली. छोटी, जमिनीला लागलेली, मागे दोन धुराडी असलेली. ती माझ्या मुलीची, मुक्ताची गाडी होती.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. घरात आम्ही दोघंच. मुक्ताची आई सहा वर्षांपूर्वी गेली. मुक्ता खारघरला नोकरी करते, आणि आठ महिन्यांपूर्वी तिने ही गाडी सेकंडहँड घेतली होती. ती घरी आणली तेव्हा पेढे वाटताना, चार शेजाऱ्यांच्या देखत मी म्हणालो होतो, "ही गाडी आहे की वरात? मी नाही बसणार हिच्यात." मुक्ता म्हणाली, "नका बसू." तेव्हापासून मी बसलो नव्हतो. ती गाडीने जायची, मी बसने. एकदा एकाच लग्नाला आम्ही असे दोन वाहनांनी गेलो. दिखाऊपणाची मला पहिल्यापासून चीड. माझा हट्ट गाडीपेक्षा जास्त दिखाऊ आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मुक्ताने गाडीतून एक काळं कुळकुळीत चाक काढलं. असली चार होती, कुठल्याशा मित्राकडून आणलेली. मला बघून ती जरा थबकली, पण बोलली मामांशीच.

"मामा, अठरा आहेत. ओरिजिनल पंधरा आहेत. होईल ना?"

"गाडीत कोण कोण बसतं?"

"मीच. एकटी."

मामांनी चष्मा चढवला आणि माझ्याकडे बघितलं. रोज भाजी आणताना ते आम्हाला बघत असणार. "आणि हे?"

"बाबा बसत नाहीत."

सलीमभाईंनी चाकं चढवली. मामांनी कणीक लावली, मुक्ता एकटीच गतिरोधकावरून जाऊन आली. गोळा जसाच्या तसा. "बघा!" मुक्ता म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर दहावीच्या निकालाच्या दिवसासारखा आनंद होता, आणि तो बघायला मी दोन हातांवर असूनही ती सांगत होती मामांना.

मामा माझ्याकडे वळले. "सर, बसा मागं. डाव्या अंगाला."

"मी?"

"हितं दुसरं कोण हाय तुमच्या वजनाचं?"

ती रोजची मामांची जागा होती, पण ते वळसा घालून माझ्या शेजारी येऊन बसले आणि लाँड्रीवाल्याला पुढे बसवलं. मी गुडघे पोटाशी घेऊन बसलो. गाडी निघाली, गतिरोधकावर चढली, उतरली, आणि माझ्या खालून खर्र असा आवाज आला, जाडजूड कापड फाटावं तसा. मुक्ताने ब्रेक मारला. उतरून बघितलं तर कणकेची पोळी झाली होती, आणि पोळीच्या पलीकडे टायरवर ताजा ओरखडा होता.

"दोन वाटा हायत," मामा म्हणाले. "अठरा ठेव आनि एकटी फिर. न्हाईतर सतरा घे, चाक थोडं आत बसनारं. रिंग वाढली की रबर पातळ घ्यायचं, म्हंजी एकूण उंची तीच ऱ्हाती. त्यात घर बसंल."

मुक्ता चाकाकडे बघत उभी राहिली. मला मोठेपणाचा झटका आला. मी म्हणालो, "बसवा अठराचीच. मी कुठे बसतो तिच्या गाडीत!"

मामांनी नट काढायचा पाना खाली ठेवला. "सर, तुमी बसत न्हाई म्हनून पोरगी अठरा घेतीय, का ती अठरा घेतीय म्हनून तुमी बसत न्हाई? आधी ते ठरवा. मग मी नट आवळतो."

तेहतीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, पण इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सलीमभाई उगाचच हवेचा पाइप गुंडाळायला लागले.

मग मुक्ता म्हणाली, "मामा, सतरामध्ये काळे येतात का?"

"येतात की."

त्या दिवशी जुनी पंधराचीच चाकं परत चढली, आणि मी घरी गाडीतून गेलो. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने मला मागच्या दारातून उतरताना बघितलं आणि उगाचच सलाम ठोकला. स्कूटर दुसऱ्या दिवशी आणली.

पुढे आमचं दुकानावर जाणं-येणं सुरू झालं. मुक्ताला चाकांचं वेड, मला मामांच्या बोलण्याचं. सतराची काळी चाकं आठवड्यात आली, आणि सांगायला लाज वाटते, पण ती सुंदर दिसत होती.

दोनेक वर्षांनी सानपाड्याच्या एका कुटुंबाची गाडी मामांनी तपासून दिली. कणीक शाबूत होती. चार दिवसांनी तो गृहस्थ परत आला. कोकणात जाताना घाटात मागचं डावं टायर पत्र्याला घासून कापलं होतं. गाडीत दोन लहान मुलं होती. कुणाला काही झालं नाही, पण मामा पांढरे पडले. त्यांनी त्या माणसापुढे हात जोडले, दुसरी चाकं बसवून दिली, आणि तो गेल्यावर स्टुलावर बसून राहिले. सलीमभाईंनी गाडीचं माप तीनदा घेतलं होतं. माप बरोबर होतं.

मग सलीमभाई मामांच्या दंडाला धरून शेजारी घेऊन गेले आणि त्यांना भंगारवाल्याच्या काट्यावर उभं केलं. अडुसष्ट.

"मामा," सलीमभाई म्हणाले, "बावीस किलो कुठे टाकून आले?"

खाकी शर्ट ढगळ झाला होता, ते आम्ही सगळेच बघत होतो. मामींनी दोनदा दवाखान्यात चला म्हटलं होतं. मामांनी ते उन्हाळ्यावर ढकललं होतं. आता ते काट्यावरून उतरले आणि एवढंच म्हणाले, "चाकाची चूक न्हाई. मी नव्वदचा म्हनून बसलो त्या गाडीत."

दुखणं पोटात होतं आणि पुढे गेलेलं होतं. उपचार सुरू झाले. एका शनिवारी त्यांचा फोन आला.

"सर, तुमचं वजन किती हाय सध्या?"

"अठ्ठ्याऐंशी."

"झकास. उद्या या दुकानात."

त्यानंतर वर्षभर रविवारी सकाळी मी अनोळखी माणसांच्या गाड्यांत मागे डावीकडे बसत होतो. माझ्या बोलण्याला वजन आहे असं कॉलेजात कधी कुणी म्हटलं नाही. इथे मात्र माझ्याशिवाय अडत होतं. मामा बाहेर स्टुलावर बसून सूचना द्यायचे, "सर, पेपर घरी वाचा. कान मागं ठेवा." मी कान मागे ठेवायला शिकलो. घासण्याच्या आधी एक बारीक फुसफुस येते, ती मला ऐकू यायला लागली. पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा मी चालत्या गाडीतून ओरडलो, आणि मामा दुकानापुढे टाळ्या वाजवत होते.

मग डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या. घर म्हणजे कोपरखैरणे की पाटण, यावरून मामा-मामींचं एक दिवस भांडण झालं आणि मामा जिंकले. तिकडे त्यांचे थोरले भाऊ होते. न्यायला मुक्ताने रजा काढली.

मामी पुढे बसल्या. मामांना आम्ही उशा लावून मागे डावीकडेच बसवलं, दुसरीकडे बसायला ते तयार नव्हते. मी शेजारी. सलीमभाई खिडकीत वाकून त्यांच्याशी काहीतरी भांडले आणि आत निघून गेले. गाडी गतिरोधकापाशी आली.

"थांबव, मुक्ता," मामा म्हणाले. "कनीक?"

मामींनी पिशवीतून डबा काढला. सवयीने आणली होती. मी उतरून, कड पुसून गोळा चिकटवला आणि परत आत बसलो. मुक्ता सावकाश पलीकडे गेली. मी पुन्हा उतरून, वाकून बघितलं.

"बोटभर जागा आहे, मामा."

मामांनी डोळे मिटून मान हलवली. "जाताना बसतंय तर येताना बसंलच. येताना तुमी दोघंच असनार."

मुक्ताने आरशातून त्यांच्याकडे बघितलं आणि गिअर टाकायला तिला वेळ लागला. मामी खिडकीबाहेर बघत होत्या.

"चल गं," मामा म्हणाले. "पुढं ऊन होतंय."

तीन आठवड्यांनी सलीमभाईंचा फोन आला.

या वर्षी मुक्ताच्या गाडीचे टायर झिजले. आम्ही दुकानात गेलो. पाटी अजून तीच आहे, 'र' अजून नाही. सलीमभाई फडकं खांद्यावर टाकत बाहेर आले. तीन-चार वर्षं रोज बघत असलेल्या गाडीपुढे उभे राहिले आणि त्यांनी मुक्ताला विचारलं, "गाडीत कोण कोण बसतं?"

"मी आणि बाबा," मुक्ता म्हणाली. "आणि दिवाळीला मामींना आणायचंय."

"मग तिघांचं धरू."

नवे टायर चढले. सलीमभाईंनी हात धुतले, आपला डबा उघडला आणि वरच्या कप्प्यातून कणकेचा गोळा काढला. मी वर्तमानपत्राची घडी केली आणि मागे, डाव्या अंगाला जाऊन बसलो.