डाव्या पायाचा अंगठा

त्या काळी मी मुंबईत जाहिरातींच्या एका स्टुडिओत फोटो साफ करायचो. मॉडेलच्या गालावरचा तीळ, साडीची सुरकुती, भांड्यावरचा ओरखडा संगणकावर काढून टाकायचा, एवढंच काम. हात चांगला बसला होता. आमच्या आळीतल्या चित्रकलेच्या निवृत्त मास्तरांनी गावातल्या जुन्या लाकडी मूर्तींची संगणकावर नोंद करायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी पहिला निरोप मलाच धाडला.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. आमच्या नंदाखाल गावाच्या आसपास लोक जुन्या मूर्तींना सर्रास ऑइल पेंट फासत होते. मास्तरांचं म्हणणं साधं होतं. "चार बाजूंनी फोटो काढ, शेजारी फूटपट्टी ठेव. रंगाचे पापुद्रे मोठे करून बघू, खाली काय आहे ते कळेल." आणि कळायचंही. एका देवदूताच्या पंखावर तपकिरीखाली हिरवा आणि हिरव्याखाली सोनेरी रंग निघाला, तेव्हा आम्ही दोघं ओरडलोच.

आळीच्या चॅपलमधल्या मरियामातेच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला खळगा होता. आमच्याकडे लग्नाच्या सकाळी नवरी चर्चला निघण्याआधी त्या अंगठ्याला खोबरेल तेलाचं बोट लावते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोटांनी लाकूड झिजून काळंभोर झालं होतं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या बायकोनेही बोट लावलं होतं. पण स्क्रीनवर मला नुसता डाग दिसला. उजव्या पायाचा अंगठा उलटा करून मी डाव्यावर बसवला आणि मूळ फोटोवरच सेव्ह केला. कॅमेरा स्टुडिओचा होता, त्यामुळे परत करताना कार्ड पुसून टाकलं.

पुढे मूर्तीच्या डागडुजीला जवळच्या सांडोर गावचे एक वयस्कर सुतार आले. मास्तरांसमोर त्यांनी माझी प्रिंट मूर्तीशेजारी धरली.

"फोटोवाले, मूर्तीत खळगा हाय, फोटोत नाय. कोनाचं खरं मानू?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. आपण काय केलंय ते मला त्याच क्षणी कळलं. "फोटो मूर्ती बिघडण्याआधीचा आहे, काका," मी म्हणालो. "फोटोप्रमाणे करा." मास्तरांनी मूर्तीचे पाय कधी निरखले नव्हते; त्यांना ते पटलं.

त्यांनी खळग्यात लांबीचा लगदा भरला, वाळल्यावर घासला, वर रंग दिला.

पुढच्याच लग्नात नवरी तेलाचं बोट घेऊन उभी राहिली.

"लाव ना गं, फादर थांबलेत!" तिची आत्या म्हणाली.

"कुठे लावू? हाताला काही लागतच नाही."

आत्या वाकली. "ह्यो मायचा पाय हाय का दुकानातल्या बाहुलीचा? कोनी केलं ह्ये?"

सगळ्यांनी सुतारांना दोष दिला. उरलेल्या मूर्तींचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. मी गप्प राहिलो. पाच-सहा महिने. दर रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जायचो, गुडघे टेकायचो आणि गप्प राहायचो.

शेवटी मास्तरांच्या ओटीवर जाऊन सांगितलं. "अंगठा मी भरला, संगणकावर. त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो."

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मूळ फोटो?"

"नाही."

"मग कबुलीजबाब फादरला दे. मला अंगठा मुळात कसा होता त्याचा पुरावा आणून दे."

पुरावा घरोघर होता. नवरी वाकून तेल लावतेय हा फोटो एकाही फोटोग्राफरने चुकवला नव्हता. मी आळीतले लग्नाचे अल्बम मागून आणले, स्कॅन केले आणि प्रत्येक अंगठा मोठा करून लग्नाच्या सालाप्रमाणे लावला. सर्वांत जुन्या कृष्णधवल फोटोत खळगा अगदी उथळ होता. मग हळूहळू तो खोल होत गेलेला दिसला. मास्तर खुर्ची ओढून स्क्रीनजवळ बसले. "रंगांचे पापुद्रे बघत बसलो होतो आपण," ते म्हणाले. "बायकांनी काय केलं ते बघितलंच नाही." तेव्हापासून कुठलीही झीज आम्ही आधी मोजतो, मग तिचं काय करायचं ते ठरवतो. ही पद्धत बरोबर आहे याबद्दल माझ्या मनात आज शंका नाही.

प्रिंट घेऊन मी सांडोरला गेलो. काकांनी एकेक प्रिंट उजेडात धरली.

"ह्यातपन काय पुसलंस का?"

"धूळसुद्धा तशीच ठेवलीय, काका."

"आनि माझं नाव घालवलंस, त्याचं काय?"

"रविवारी मिस्सेनंतर सगळ्यांसमोर सांगतो."

सांगितलं. पूर्ण सांगितलं. कोणी शिवी दिली नाही. नवरीची आत्या मात्र तोंड फिरवून निघून गेली. पुढच्या आठवड्यात काकांनी प्रिंट पाहत पाहत बारीक पटाशीने लांबी उकरून काढली. खळगा मिळाला. त्यातला काळा तेलकट थर गेला तो गेलाच.

नोंदीत मास्तरांनी लिहिलं, 'तांत्रिक चुकीमुळे मूळ थर नष्ट.' माझी लाज राखायला. मी ती ओळ खोडली आणि तिथे माझं पूर्ण नाव घालून लिहिलं, 'याने फोटो बदलला, आणि विचारल्यावर खोटं सांगितलं.'