मेंदूवर बांधलेला फेटा

पुंडलिक माझा कॉलेजचा वर्गमित्र, लासूर स्टेशनचा. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बेडूक मी कापायचे आणि परीक्षक आले की हा पुढं होऊन मज्जातंतू दाखवायचा. आज तो विद्यापीठात प्रोफेसर आहे आणि अजूनही तेवढंच करतो. फक्त राबायला आता माझ्या जागी माझी लेक अक्षदा आहे.

त्याला मेंदूतलं किती कळतं, देव जाणे. सत्कारातलं मात्र सगळं कळतं. म्हातारपणी विसर का पडतो, यावर तीन संस्थांनी मिळून प्रकल्प घेतला होता. निधी पुण्याच्या एका संस्थेचा, डोक्यावर तारांची टोपी घालून मेंदूच्या लहरी टिपणारं मशीन इथल्या मेडिकल कॉलेजचं, मेहनत अक्षदाची. पुंडलिकचं फक्त व्यासपीठ.

तपासायची होती करमाडकडच्या मेंढपाळ वस्तीवरची म्हातारी माणसं. तिथं मल्हारीबाबांचा शब्द चालतो, आणि चारचौघांत मुंडासं काढायला तेच तयार नव्हते. अक्षदा वर्षभर त्यांच्याकडं जात राहिली. शेवटी म्हणाले, "तुज्यासाठी काढतो पोरी. पयले मी, मंग बाकीचे." वस्ती आली तरच तिची पीएच.डी. पुरी होणार होती.

पुण्याचे पाहुणे पुढचा निधी ठरवायला आले, त्या दिवशी खुर्च्या भराव्यात म्हणून पुंडलिकनं मलाही बोलावलं. अक्षदानं बाबांचं डोकं शाम्पूनं धुतलं, तारांची टोपी बसवायला केसांत जेल लावलं. तेवढ्यात हा माईक घेऊन उभा. "आधी सत्कार!"

"सर, जेल लावलंय, आता नको..."

"अगं पाच मिनिटं. पाहुण्यांना मराठवाडा दिसू दे की!"

आणि त्यानं पाहुण्यांसकट सगळ्यांना फेटे बांधवले. बाबांचा सगळ्यात मोठा. मेंदू बघायला जमलेल्या त्या सभेत एक डोकं उघडं राहिलं नाही. फोटो झाले. मग म्हणाला, "हं बाबा, उतरवा आता."

बाबा हलले नाहीत. "मानाचा हाय न्हवं?"

"हो, हो. पण काढा. टोपी घालायचीय."

"माजं मुंडासं मी पोरीच्या शब्दानं काढलं. ह्यो तुमी बांधला. मान देऊन लोकांम्होरं उतरवायला लावता, व्हय? लई झालं, सायेब."

ते उठले. दारात अक्षदाला म्हणाले, "तुजा दोष नाय. पर वस्ती आता यायची नाय."

पुंडलिक पाहुण्यांकडं बघून हसला. "अडाणी लोक. डोक्याला हात लावू देत नाहीत. सहकार्यच नाही, काय करणार?"

"फेटा आपण बांधला, सर," अक्षदा सगळ्यांसमोर म्हणाली.

पाहुण्यांनी ऐकलं आणि जेवणाची चौकशी केली. पुढं निधीही मंजूर झाला. म्हातारपणीचा विसर आता कॉलेजच्या पोरांच्या डोक्यात शोधणार आहेत. अक्षदाची फेलोशिप बंद झाली. तिच्या जागी ऋतुराज नावाचा मुलगा घेतलाय. तो "हो सर" फार छान म्हणतो.

परवा पुंडलिकनं मला फोन केला. "मुलगी हुशार आहे तुझी. पण चारजणांत मिळून काम कसं करतात, ते शिकव तिला."

मी फोन ठेवला. झोप लागत नाही. पोर तिशीला आली आणि हाती काही नाही. तरी त्याची माफी माग, असं मी तिला सांगणार नाही. ती दुसरा गाइड शोधते आहे. विभागात कुणी हो म्हणत नाही. प्रत्येकाच्या कपाटात पुंडलिकनं सत्कारात घातलेली एकेक शाल आहे.