रंगुबाईच्या हातचं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात खर्ड्याजवळ रस्त्याचं काम निघालं होतं. तिथं मजुरांना पाणी पाजायला रंगुबाई होती. उन्हातून आलेल्याला ती लगेच पाणी देत नसे. "आधी दम खा, मग पी," असं दरडावायची. खडी फोडणारी अख्खी टोळी तिला टरकून असे, आणि मुकादम असून मीसुद्धा.

पाणी जवळच्या तळ्यातलं. उन्हाळ्यात तळं आटत आलं आणि वर हिरवी साय धरली, रंग सांडल्यासारखी. वास असा, की घोट घशाखाली उतरेना. रंगुबाई लांबच्या मोकळ्या काठाला जाऊन, दुहेरी लुगड्यातून गाळून पाणी आणायची. तरी लोकांनी माझ्यामागे भुणभुण लावली. मी मोठा शहाणा! बागांवर फवारायचा निळा मोरचूद पोत्यात घालून तळ्यातून फिरवला. चार दिवसांत हिरवं गेलं, तळाचे दगड दिसू लागले. लोक खूश, आणि मी तर फुशारलोच.

रंगुबाई तेवढी म्हणाली, "येवढं हिरवं गेलं कुटं, मुकादम?"

मी हसण्यावारी नेलं.

तिची लेक लंका पोटुशी होती, तीही कामावर. तिच्यासाठी रंगुबाई तेच पाणी वेगळं उकळायची, पार अर्धं होईपर्यंत. पाणी नितळल्यावर दोन दिवसांनी लंकाला उलट्या लागल्या, मग डोळे पिवळे झाले. त्याच दिवशी आसाराम धनगराच्या मेंढ्या तळ्यावर पाणी प्यायल्या आणि संध्याकाळपर्यंत सात मेल्या. रंगुबाईनं भरलेली पिंपं उलटी केली. तहानलेली माणसं शिव्या देत होती आणि ही मधे उभी.

"मला हाना, पर ह्ये पानी न्हाई प्यायचं!"

दुसऱ्या दिवशी जामखेडहून गुरांचे डॉक्टर आले. मेंढी फाडली, तर यकृत रक्तानं टम्म फुगलेलं.

"विष त्या हिरव्या शेवाळात होतं," ते म्हणाले. "मोरचुदानं शेवाळ मेलं आणि सगळं विष पाण्यात उतरलं. नितळ दिसतंय, पण आधीपेक्षा वाईट आहे."

"पर म्या तर उकळून पाजलं," रंगुबाई म्हणाली.

"उकळून हे जात नाही, बाई. पाणी आटतं, विष तेवढंच राहतं."

रंगुबाई पुटपुटली, "म्हंजी लेकीला म्याच समद्यांपरीस जास्त पाजलं."

मोरचूद माझा, चूक माझी, हे तेव्हाच बोलायला हवं होतं.

लंका महिनाभर दवाखान्यात होती. ती वाचली, पोटातलं मूल गेलं.

तीन वर्षांनी मी रंगुबाईच्या घरी गेलो. तिनं घोंगडी टाकली, गुळाचा खडा पुढे केला आणि कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवलं.

"पानी तेवढं तुमच्या हातानं घ्या, मुकादम. म्या कुनाला देत न्हाई आता."

'तुझी चूक नव्हती' एवढंच सांगायला मी गेलो होतो. माझ्या हातानं तांब्याभर पाणी घेऊन प्यालो आणि तसाच उठलो.