अण्णांचा कान आणि आमच्या गाड्या

गाडी घरी उघडून परत जोडली की एखाद-दुसरा नट उरतोच. कुठला, कुठून आला, काही पत्ता लागत नाही. गाडी मात्र चालू होते. तो नट टाकून द्यायला जीव होत नाही, म्हणून मग डब्यात जातो. किश्श्यांचंही तसंच आहे. दर रविवारी सकाळी आम्ही चौघं अण्णांच्या अंगणात गाड्या उघडून बसतो, आणि त्यातून जे उरलं ते वर्षानुवर्षं माझ्या डोक्यात साठत गेलं. परवा दिलीप म्हणाला, "मास्तर, एकदा लिवून काडा की. डबा भरला." लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, यातल्या निम्म्यावर आता हसू येत नाही.

तर आम्ही चौघं. अण्णा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. दिलीप त्यांचा शेजारी. त्याच्या म्हशी आहेत आणि पहाटे कॅन लटकवून तो गावभर दूध घालतो. कुलकर्णी लोकांचे टॅक्सचे कागद करतात आणि उरलेला वेळ मोबाईलवर गाडी दुरुस्तीचे व्हिडिओ बघतात. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, म्हणून मास्तर. चौघांच्याही गाड्या जुन्या, कार्बोरेटरवाल्या. शोरूममधली पोरं त्यांना हात लावायला नाक मुरडतात, म्हणून आम्हीच लावतो.

आणि आमच्या या वर्कशॉपमधलं सगळ्यात भारी मशीन म्हणजे अण्णांचा कान.

*

एकदा अण्णा फाटकात उभे होते. समोरून एक जण गाडीवरून गेला. अण्णांनी हात करून त्याला थांबवलं.

"पावणं, कुठं निघालाय?"

"मलकापूरला. का वं?"

"साखळी मलकापूरपत्तूर जायची न्हाय. बदलून घ्या."

त्या माणसानं अण्णांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. लुंगी, बनियन, हातात चहाचा कप. "तुमी मेकॅनिक हाय काय?" 

"न्हाय. पर आवाज ऐकला की."

तो तणतणत निघून गेला. पुढच्या रविवारी हाच गृहस्थ फाटकात हजर, हातात घरच्या तांदळाची पिशवी. साखळी मलकापूरच्या अलीकडं, बांबवड्यातच तुटली होती, आणि तिथून पुढं त्यानं चढाला गाडी ढकलत नेली होती. अण्णांना त्याचं फार वाईट वाटलं.

"माझंबी चुकलंच," ते म्हणाले. "बांबवडं म्हणाया पायजे हुतं."

*

महापूर ओसरल्यावर दिलीपच्या मेव्हण्याचा शिरोळहून फोन आला. त्याची गाडी चांगली हँडलपर्यंत पाण्यात होती. अण्णांनी फोन ओढून घेतला आणि बजावलं, "किक मारू नगंस. इंजनात पाणी आसंल. टेंपोत घालून हिकडं आण."

गाडी आली ती धुऊनपुसून, टाकीला हळदकुंकू लावून आणि हँडलला हार घालून. अण्णांनी खालचा बोल्ट सोडला. ऑइल म्हणून जे काय बाहेर आलं, ते बघून अण्णांच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "अगं बाई, चहाच झालाय की." पाणी आणि तेल चांगलं घुसळलं गेलं होतं. त्याशिवाय असा रंग येत नाही.

अण्णा मेव्हण्याकडं वळले. "किक मारू नगंस म्हणालो हुतो."

"आईशप्पत मारली न्हाय," मेव्हणा म्हणाला. "दुसऱ्या गेरात टाकून ढकलत ढकलत चालू कराया बघितली."

त्या दिवशी आम्ही इतकं हसलो की दिलीपची दुपारची धार चुकली. घर भिजलेला, दावणीचं एक जनावर गेलेलं, असा तो मेव्हणा. पण तोही आमच्याबरोबर हसला. अण्णांनी तीनदा ऑइल बदलून ती गाडी चालू केली. मग मान वाकडी करून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "जगली."

*

कुलकर्ण्यांना अपग्रेडचा भारी नाद. एलईडी हेडलाइट, मोबाईल चार्जर, दोन-दोन हॉर्न. त्यांची गाडी लांबून वरातीतली वाटते. एकदा त्यांच्या मागच्या ब्रेकचा कर्कश आवाज यायला लागला. अण्णा गावाला गेलेले. कुलकर्ण्यांनी व्हिडिओ बघून चाक उघडलं आणि आवाज येतो तिथं, म्हणजे ब्रेकच्या लायनरला, छानपैकी तेल दिलं.

आवाज गेला. ब्रेकही गेला. कुलकर्णी दिलीपच्या वैरणीच्या गंजीत घुसून थांबले. दिलीप धावत आला तर हे आतूनच सांगतायत, "काही नाही हो, आवाज मात्र पूर्ण बंद झाला."

अण्णा परत आल्यावर त्यांना हा किस्सा सांगितला. वाटलं, ते पोट धरून हसतील. पण ते गंभीर झाले. "कुलकर्णी, आवाज करतंय म्हंजे गाडी काय तरी सांगतीया. तिचं त्वांड बंद करू नगा. एकदा गप झाली की कायबी कळत न्हाय मग."

*

यानंतरचे किस्से सांगताना मी जरा अडखळतो.

अण्णांना सगळ्यात जास्त राग कशाचा असेल तर सायलेन्सरमधली आवाज दाबणारी पुंगळी काढून फटफट करत फिरणाऱ्या पोरांचा. गल्लीतून तसली गाडी गेली की ते फाटकापर्यंत जाऊन शिव्या देत. आणि एका रविवारी आम्ही अंगणात गेलो, तर अण्णांच्या स्वतःच्या गाडीचा सायलेन्सर खाली उतरवलेला आणि त्याची पुंगळी बाहेर ठेवलेली.

"अण्णा, हे काय?" मी विचारलं.

"इंजन दमलंय रं. आवाज पडलाय तिचा. जरा मोकळी करून बगतो."

त्यांनी गाडी चालू केली. गोठ्यातल्या म्हशींनी दावी ताणली. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं. आम्ही तिघांनी कानांवर हात ठेवले. अण्णा मान वाकडी करून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"आता कशी बोलतीया," ते म्हणाले.

दिलीपनं माझ्याकडं बघितलं. वहिनी दारात आल्या होत्या. गाडी बंद झाल्यावर त्या आम्हाला हळूच म्हणाल्या, "कुकरच्या शिट्टीचाबी आवाज पडलाय म्हणत्यात. तीन कुकर बदलले मी." एवढं बोलून त्या आत गेल्या. आमच्यापैकी कुणीच त्यानंतर पाना उचलला नाही.

*

डॉक्टरांनी सांगितलं, नस गेलीय, आता परत येणार नाही. कानाचं मशीन दिलं. अण्णांनी ते हेल्मेटच्या आत घालून बघितलं, तर ते शिट्टी मारायला लागलं. हेल्मेट काढलं तर वारा, रिक्षा, भाजीवाली, सगळं एकदम कानात घुसायचं. आठवडाभरानं वहिनी घरभर मशीन शोधत होत्या. ते सापडलं हत्यारांच्या पेटीत, जुन्या स्पार्क प्लगच्या शेजारी.

वहिनी चिडल्या. अण्णा म्हणाले, "त्येला सगळंच ऐकू येतंय. मला नुसतं इंजन पायजे."

*

उसाच्या हंगामात एक दिवस अण्णा गाडीवरून शिरोळच्या रस्त्याला गेले होते. मागं दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकला, अण्णा काही बाजूला होईनात. शेवटी त्यानं ट्रॅक्टर कडेच्या चरीतून पुढं घातला, खाली उडी मारली आणि अण्णांच्या पुढ्यात येऊन ओरडला, "म्हाताऱ्या, भैरा हाईस काय?"

अण्णा म्हणाले, "काय म्हणालास?"

हा किस्सा अण्णांनी आम्हाला स्वतः हसत हसत सांगितला. आम्हीही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी तिथल्या तिथं अट घातली: मागून वाजवलेला हॉर्न ऐकू येत असेल तरच गाडीवर बसायचं, नाहीतर किल्ली माझ्याकडं.

चाळीस वर्षं हा माणूस गाडीवरून फिरलेला. लग्नानंतर वहिनींना पहिल्यांदा घरी आणलं ते गाडीवरून. किल्ली जाणार म्हटल्यावर त्यांचं तोंड असं उतरलं की आम्हा तिघांना बघवेना. म्हणून आम्ही कट केला. डोकं अर्थात कुलकर्ण्यांचं.

परीक्षा गल्लीत झाली. अण्णा गाडीवर बसलेले, तोंड पुढं. मागं बऱ्याच अंतरावर कुलकर्ण्यांची गाडी घेऊन दिलीप. हॉर्न वाजला की अण्णांनी हात वर करायचा. वहिनी पायरीवर उभ्या. दिलीपनं हॉर्न वाजवला आणि त्याच क्षणी तो एलईडीचा डिपर मारला. अण्णांच्या आरशात लख्खन उजेड पडला आणि त्यांचा हात वर गेला. पुन्हा हॉर्न, पुन्हा हात. कुलकर्णी तर टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

वहिनी पायरी उतरून खाली आल्या. अण्णांच्या गाडीचे दोन्ही आरसे त्यांनी हातानं आत वळवले आणि दिलीपकडं बघून म्हणाल्या, "आता वाजव."

दिलीपला अंगठा उचलवेना. वहिनी थांबून राहिल्या. शेवटी त्यानं वाजवला, बराच वेळ वाजवला. गल्लीच्या टोकाचं कुत्रं उठून उभं राहिलं. अण्णांचे दोन्ही हात टाकीवर होते. ते वाट बघत होते.

थोड्या वेळानं त्यांनी मागं वळून आमचे चेहरे बघितले. मग किल्ली काढली आणि वहिनींच्या हातात दिली. वहिनी ती पदराला बांधताना रडत होत्या. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांचंच बरोबर आहे हेही कळत होतं.

*

आता शेवटचा. दिलीप म्हणतो हाच सगळ्यात भारी.

गाडी गेली तरी अण्णांचे रविवार गेले नव्हते. आमच्या गाड्या तेच ट्यून करायचे. आम्ही गाडी चालू करून द्यायचो, अण्णा मान वाकडी करून कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायचे आणि मान हलवून उठायचे. आम्ही "एक नंबर" म्हणायचो. खरं तर कुणाची गाडी उगीच चढ्या आवाजात बोंबलत असायची, कुणाची सिग्नलला बंद पडायची. मग अण्णांचा निरोप घ्यायचा, दोन गल्ल्या सोडून पाण्याच्या टाकीपाशी जायचं, आणि तिथं परत सगळं जुळवायचं. आमच्यात त्याबद्दल कधी बोलणं झालं नाही. पहिल्या रविवारी तिघंही न ठरवता तिथंच थांबलो होतो.

त्या रविवारी कुलकर्णी त्यांचं हेल्मेट अण्णांच्या कट्ट्यावर विसरून आले. आम्हाला पत्ता नाही. माझी गाडी चालू, मी उकिडवा बसून स्क्रूला हात घातलेला, दिलीप आणि कुलकर्णी वाकून ऐकतायत. इंजिनाच्या आवाजात मागं कुणी आल्याचं आम्हा तिघांपैकी एकालाही ऐकू आलं नाही.

मान वर केली तर अण्णा. काखेत हेल्मेट.

कुलकर्णी उभे राहिले. दिलीप काहीतरी पुटपुटला, पेट्रोलमध्ये कचरा आला होता वगैरे. अण्णांनी त्याच्या ओठांकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. मला स्क्रू ड्रायव्हर खिशात घालावा की हातात ठेवावा कळेना. मी गाडी बंद करायला हात पुढं केला, तर अण्णांनी तो धरला.

"चालू ऱ्हाऊ दे."

हेल्मेट खाली ठेवून ते गाडीच्या पलीकडच्या बाजूला, माझ्या समोर उकिडवे बसले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसले.

"फिरीव," ते म्हणाले.

मी स्क्रू फिरवला. अण्णा कार्बोरेटरकडं बघत नव्हते, माझ्या तोंडाकडं बघत होते. इंजिन जरा चढलं.

"लई झालं. मागं घे."

मी मागं घेतला. इंजिन अडखळलं.

"थोडका उजवीकडं. हळू."

मी हळू फिरवला. माझ्या कपाळावरची आठी सुटली. अण्णांची नजर हलली नाही.

"बास," ते म्हणाले. "सोड आता."

मी हात काढला. गाडी इतकी एकसारखी चालत होती की दिलीपनं तोंडात बोट घातलं.

अण्णा गुडघ्यावर हात देऊन उठले. कुलकर्ण्यांच्या हातात हेल्मेट दिलं, लुंगी झटकली आणि वर सूर्याकडं बघितलं.

"हितं ऊन लई हाय," ते म्हणाले. "म्होरल्या आइतवारी आपल्या अंगणातच करूया."