तंगी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — बंगळूरला बसवनगुडीतल्या या दोन खोल्यांत तिच्यापासून लपवण्यासारखं दुसरं आहे तरी काय?

कारवारच्या समुद्रात, किनाऱ्यापासून लांब, एका उघड्या खडकावर दीपस्तंभ आहे. इथल्या कारखान्यात लागण्याआधी मी तिथे दिव्यावर होतो. पुढे खात्यानं त्या दीपस्तंभाचा इतिहास छापला. मी नोकरी सोडली होती, तरी माझं इंग्रजी बरं म्हणून मजकूर माझ्याकडूनच लिहून घेतला. खडक कसा फोडला, भिंग कसं वर चढवलं — सगळं खरं आहे. एक वाक्य सोडून : खवळलेल्या समुद्रात एक दिवेकरी वाहून गेला.

त्या आठवड्यात समुद्र खवळला नव्हता.

ते दिवेकरी म्हणजे रुद्राण्णा. धारवाडकडचे. मराठी बोलायचे, पण निम्मे शब्द कानडी. खडकावर आम्ही दोघंच. एक रजेवर गेला की दुसरा एकटा. एकदा भरदुपारी जेवताना लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. ओली, अनवाणी — आणि लहान. चहूकडे पाणी, होडी आलेली नाही. रुद्राण्णांनी हातातला घास खाली ठेवला.

"तुला ऐकू येतं का रे?"

"काय?" मी म्हणालो. वर हसून, अण्णा, स्वल्प झोप काढा, असंही म्हणालो.

मला ऐकू आलं होतं. ती पावलं दाराशी येऊन थांबली, तेही.

त्यांची धाकटी बहीण लहानपणी विहिरीत बुडून गेली होती. हे त्यांनीच मला पूर्वी सांगितलेलं.

मग मी रजेवर बंगळूरला आलो. कारखान्यातल्या नोकरीची मुलाखत पंधरवड्यावर होती. रुद्राण्णांना इंग्रजी येत नसे. खात्यातल्या साहेबांना कळवायचं ते मला लिहीत, मी इंग्रजी करून पुढे धाडत असे. तसं त्यांचं पत्र आलं : 'तंगी आली आहे. जाईना. एकट्यानं निभत नाही. साहेबांना सांगून ताबडतोब माणूस पाठव.'

मराठीत तंगी म्हणजे टंचाई. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी बेळगावचा — मला काय कानडी येत नव्हतं?

आणि माणूस म्हणजे मीच. पुन्हा तो खडक, तो जिना. म्हणजे मुलाखत हुकणारच. मी साहेबांना कळवलं, खडकावर धान्यापाण्याची टंचाई आहे. माणसाचं वाक्य गाळलं. वाचण्यात चूक झाली असं मी पुढे स्वतःला कितीदा सांगून पाहिलं. चूक नव्हती. लिहिताना हातसुद्धा थांबला नाही.

होडी तांदूळ आणि पाण्याची पिंपं घेऊन गेली. उतरवून घ्यायला कुणी आलं नाही. वर भिंग लख्ख पुसलेलं होतं, असं होडीच्या तांडेलानं मला नंतर सांगितलं. खाली दोन ताटं मांडलेली. दोन्हींत कुणी जेवून उठलेलं. रुद्राण्णा कधीच सापडले नाहीत.

मला नोकरी मिळाली. त्यानंतर महिन्याभरानं त्यांची बायको पत्ता शोधत आमच्या घरी आली. उंबऱ्याशीच बसली. मग म्हणाली, "भावजी, शेवटी तुम्हाला काही लिहिलं होतं का हो त्यांनी?"

"नाही, वहिनी," मी म्हणालो.

पत्र माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं.